डाव्या बाजूची दोनशे झाडं

नायगावहून आमच्या गावाच्या फाट्याला वळलं की उजव्या हाताला झाडं लागतात. कडुनिंब, करंज, मधूनच एखादी चिंच. गावापर्यंत ती सोबत येतात. डाव्या हाताला काही नाही. रुंद झालेला डांबरी रस्ता, त्याच्या कडेचा पांढरा पट्टा आणि लगेच शेतं. दुपारच्या गाडीत लोक सावलीच्या बाजूच्या खिडक्या धरतात. मी लातूरहून कधी गावी गेलो तर डावीकडे बसतो.

डावीकडेही तेवढीच झाडं होती, दोनशे. ती तोडली गेली, आणि माझ्यामुळे गेली. कुऱ्हाड मी चालवली नाही, तोडायच्या कागदावर माझी सहीही नव्हती. पण ती कुठं लावायची ती जागा मी ठरवली होती, आणि चुकीची आहे हे माहीत असून ठरवली होती. वडील गेल्यावर हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

मी तेव्हा गावचा रोजगार सेवक होतो. कामाची मागणी करणाऱ्यांचे अर्ज घ्यायचे, कामावर जाऊन हजेरी भरायची, फोटो काढायचे, तालुक्याला कागद पोचते करायचे. त्या वर्षी रोजगार हमीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावायचं काम आलं. दोनशे झाडांमागे एक माणूस, तीन वर्षं. पाणी घालायचं, आळी करायची, काट्याचं कुंपण राखायचं. एकट्या बाया, म्हातारी माणसं, अंगानं अधू असलेली, यांना हे काम आधी द्यायचं असं ठरलेलं होतं. डावी बाजू मावशीला मिळाली, उजवी तिच्या थोरल्या जावेला.

मावशी म्हणजे माझ्या नात्यातली कुणी नव्हे. शाळेच्या मागं राहणारी, तरुणपणीच नवरा गेलेली बाई. एकुलती लेक धर्माबादला दिलेली. गावात सगळे मला सेवक म्हणायचे. ती म्हणायची, "सेवक म्हनं! मोटरसायकलवर फिरतोस, आन् आमी पायी. सेवक कोन आन् मालक कोन, कळंनाच झालंय."

तालुक्याहून तांत्रिक सहाय्यक आला, टेपनं माप घेऊन दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून गेला. खड्डे रस्त्याच्या हद्दीच्या अगदी कडेला, शेताला लागून घ्यायचे होते. मध्ये दोरी ताणून पांढऱ्या फक्कीची रेघ मारणं हे माझं काम. दोरी ताणत होतो तेव्हा वडील बांधावर येऊन उभे राहिले. डाव्या बाजूला आमचं शेत आहे, रस्त्याला लांबच लांब लागून.

"इथं झाडं येनार?"

"हो दादा."

"चार वर्षांनी वसवा पडंल. चार तासं सोयाबीन नुस्तं पिवळं राहील."

वसवा म्हणजे मोठ्या झाडाची सावली आणि मुळं, यांनी बांधाकडेचं पीक खुरटतं ते. तासं म्हणजे पेरणीच्या ओळी. शेतकऱ्याला वसव्याचा राग असतो, आणि खोटा नसतो.

"माप वरून आलंय," मी म्हणालो.

"वरून माप आलंय, खुंटी तर तूच धरून हुभा हायस न्हवं? दोन पावलं रस्त्याकडं घे. कुनाचं काय जातंय?"

एवढंच म्हणाले आणि गेले. आवाज चढवला नाही. पुन्हा तो विषय कधी काढलाही नाही.

आमच्या शेतापुरतीच ओळ सरकवली असती तर तिथं वाक दिसला असता. कुणीही विचारलं असतं. म्हणून मी दोन्ही टोकांच्या खुंट्या उपटल्या आणि डाव्या बाजूची सगळीच्या सगळी ओळ दोन पावलं रस्त्याकडे घेतली. ओळ सरळ दिसू लागली. सरळ ओळीला कुणी काही विचारत नाही.

मावशीनं मात्र विचारलं. खड्डे खणताना टिकाव टेकवून तिनं डांबराकडे पाहिलं, मग समोरच्या बाजूला जावेच्या रेघेकडे पाहिलं.

"सेवक, माझी रेघ डांबराच्या लई जवळ आलीय की रे. तिची बघ कशी लांब हाय."

"वरूनच तसं आहे, मावशी."

"वरून म्हंजे कुठून? गाड्या अंगावर येतील माझ्या लेकरांच्या." आणि ती हसली, हाताला थुंकी लावून परत टिकाव उचलला.

माझं खोटं तेवढंच, तीन शब्दांचं. त्यानंतरची तीन वर्षं मात्र माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, आणि याच गोष्टीनं मला जास्त छळलं आहे.

सकाळी सातच्या सुमाराला मी हजेरीला निघायचो. कुठं विहिरीचं काम, कुठं पाणंद रस्ता, कुठं शेततळं. सगळीकडं उभ्या उभ्या नावं घेऊन पुढं जायचं. झाडांपाशी मात्र गाडी बंद करून बसायचो. मावशीनं सायकलच्या दोन चाकांवर फळी ठोकून एक गाडा करून घेतला होता, त्यावर दोन निळे ड्रम. पाणी आमच्याच बोअरचं. वडिलांनी तीन वर्षांत एकदाही नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यात बोअर घोटघोट पाणी टाकायचा तेव्हा आधी तिचे ड्रम भरायचे, मग आमच्या बैलांचा हौद. मला ते बघवायचं नाही.

मी नाव विचारायच्या आधी ती हात वर करायची.

"माझी हजेरी मागून घे. आधी यांची घे."

आणि पहिल्या झाडापासून चालू लागायची. "हाय. हाय. हाय. हे जरा बिमार हाय. हाय. हे रुसलंय, पर हाय." मी मागून वहीत टिंबं मारत चालायचो. तशी नोंद कुणी मागितली नव्हती. शंभराच्या पुढं माझे पाय दुखायचे, तिचे दुखायचे नाहीत. समोरून थोरली जाऊ ओरडायची, "अगं, बालवाडी भरवायलीस का काय?"

"हाव! तुझी नापास झाली का?"

"माझी बघ, ढोपराला लागली!"

"ढोपर बुटकं असंल तुझं!"

रस्त्याच्या दोन कडांवरून हे चालायचं, मध्ये ट्रॅक्टर आला की थांबायचं, गेला की जिथं सोडलं तिथून पुढं. जाऊ पण मेहनती होती, पण तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला घाई असायची. झाडं मावशीचीच जोरात होती. हे मी आज तिची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. फोटोत दिसतं.

पहिल्या उन्हाळ्यात मावशीनं गावभर सांगून ठेवलं, तडकलेला माठ फेकू नका. लोक तिच्या दारात माठ आणून ठेवायला लागले. कुणाचा काठ फुटलेला, कुणाचा पाझरणारा. माठाच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, त्यात जुन्या लुगड्याची चिंधी वात करून घालायची, आणि झाडाच्या मुळाशी माठ गळ्यापर्यंत पुरायचा. भरून ठेवला की दोन दिवस झाड गार. वैशाखात त्या रस्त्यावर जमिनीतून माठांची तोंडं वर आलेली दिसायची, प्रत्येकावर एकेक चपटा दगड झाकण म्हणून. तालुक्याचे साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची. मी म्हणालो मावशीची. मावशी म्हणाली, "कल्पना कशाची साहेब, पानी न्हवतं."

मी रोजगार हमीवर फार कामं पाहिली. त्यातली बरीच अशी, की आठ दिवसांनी तिथं काय केलं होतं ते सांगता येऊ नये. हे एकच काम असं पाहिलं की कालच्या कामावर आज नवीन पान आलेलं असायचं. दर काही महिन्यांनी झाडाशेजारी मजुराला उभं करून फोटो काढायचा असे, उंची कळावी म्हणून. पहिल्या फोटोत करंजाचं रोप तिच्या घोट्यापाशी आहे. मग गुडघ्याशी. मग खांद्याशी. शेवटच्या फोटोत ती हात वर करून फांदीला टेकवायला बघते आहे आणि टाचा उचलल्या आहेत. जुना फोन आता चालत नाही, पण मी तो टाकलेला नाही.

तिसऱ्या वर्षी दुपारी ती त्याच करंजाखाली भाकरी सोडायची. अर्धी माझ्या हातावर द्यायची, वर लाल मिरचीचा ठेचा. मी नको म्हणालो की म्हणायची, "खा. तुज्या घरचं पानी पेऊन वाढलेत हे, तुजाबी हक्क हाय." तो घास मी कसा गिळायचो ते मला माहीत. आणि तरी आज लातूरच्या खोलीत बसून मला पुन्हा तिथंच बसावंसं वाटतं. तोच करंज, तीच भाकरी, आणि तिनं तेच बोलावं.

तीन वर्षं संपली, काम बंद झालं, झाडं राहिली. मावशी तरी जायचीच. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायचं काम मंजूर झालं. माणसं फीत घेऊन आली आणि दोन्ही बाजूंना सारखं माप टाकत निघाली. फीत जमिनीला टेकायच्या आधीच मला कळलं होतं. उजव्या बाजूची झाडं मापाच्या हातभर बाहेर राहिली. डाव्या बाजूची आत आली, एकूण एक. त्यांच्या बुंध्यांवर तांबड्या रंगाचे आकडे पडले.

तेव्हा बोलता आलं असतं. झाडं वाचली नसती, पण बोलता आलं असतं. ज्या दिवशी मशीन आली त्या दिवशी मी तालुक्याला काम काढून निघून गेलो. काय झालं ते संध्याकाळी बायकोनं सांगितलं. मावशी रस्त्यावर आली होती. रडली नाही, ओरडली नाही. एका माणसाला म्हणाली, माठ तेवढे फोडू नका, काढून घेते. थोरली जाऊ समोर आपल्या झाडांखाली बायकांत उभी होती. ती म्हणाली, "एका दिवशी लावली, एकाच पान्यावर वाढली. माझी हुभी हायत. हात असतो बाई हात. नवरा टिकला न्हाई तिच्या हातात, झाडं काय टिकतील?"

रागानं म्हणाली की बोलता बोलता गेलं तोंडातून, मला माहीत नाही. पण गावानं ते उचललं. आमच्याकडं हळदीचं बेणं लावायला बाया सांगतात, मिरचीचं रोप टाकायला सांगतात. मावशीला सांगणं हळूहळू बंद झालं. कुणी तोंडावर काही म्हणायचं नाही. "या वर्षी बाया झाल्या मावशी," एवढंच. वर्षभरात ती लेकीकडं धर्माबादला निघून गेली, तिथं व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मिरचीचे देठ खुडायला. जाताना मी फाट्यावर होतो. ती म्हणाली, "नशिबाला काय करतोस, सेवक." मी तिची पिशवी गाडीत ठेवून दिली.

पुढं मीही काम सोडलं. मुलीच्या क्लाससाठी लातूरला आलो, दोन खोल्या घेतल्या, एका वसतिगृहाच्या ऑफिसात बसतो. वडील वारले. आता सांगायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि तरी मी दोन वर्षं गप्प बसलो.

या उन्हाळ्यात गावच्या नव्या रोजगार सेवकाचा फोन आला. मला तो दादा म्हणतो.

"दादा, डाव्या बाजूला रस्त्याच्या नव्या कडेनं पुन्हा झाडं लावायची हायत. त्या धर्माबादच्या मावशीनं अर्ज पाठवलाय, काम पायजे म्हणून. गावी परत येते म्हणायल्यात. पर सभेत लोक नको म्हणायलेत."

"का?"

"हाताचं म्हणायलेत. तुमच्या काळात कशा होत्या त्या? पुढच्या सभेत पक्कं करायचंय."

"चांगल्या होत्या," मी म्हणालो आणि फोन ठेवला. दोन दिवस ते दोन शब्द मला सोडेनात. तिसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन धर्माबादची गाडी धरली.

शेडमध्ये पाऊल टाकताच ठसका लागला. मिरचीचे ढीग, भोवती तोंडाला पदर बांधलेल्या बाया. मावशी डोळ्यांवरून ओळखू आली. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसलो.

"सेवक! वाळलास रे. लातूरचं पानी मानवंना का?"

"मावशी, डाव्या बाजूची रेघ मी चुकवली होती."

"कंची रेघ?"

"झाडांची. माप शेताच्या कडेला होतं. मी खुंट्या सरकवल्या, दोन पावलं रस्त्याकडं. मापात लावली असती तर तुमची पण वाचली असती. जावेची वाचली तशी."

तिचे हात चालूच होते. देठ एकीकडं, मिरची एकीकडं.

"मी तवा इचारलं हुतं तुला."

"हो. मी खोटं बोललो."

"कामून?"

"आमच्या शेतावर सावली पडू नये म्हणून. दादा म्हणाले होते."

हात थांबले. "तुज्या बापानं तीन वर्षं पानी दिलं की रे मला."

"हो."

"सावली नको, आन् पानी देतो!" ती हसली, मग ठसका लागला, बराच वेळ खोकत राहिली. पदरानं डोळे पुसले. ते मिरचीनं आलेलं पाणी होतं की दुसरं, मी विचारू शकलो नाही. मग म्हणाली, "म्हंजे माज्या हाताचं काय न्हवतं."

"काहीच नव्हतं, मावशी."

"लेकीच्या दारात येवढी जागा हाय. तिनं किती येळा म्हनलं, आई, एक कढीपत्ता तरी लाव. मी मातीत बोट घातलं न्हाई इतकी वर्षं. मरंल म्हनून. आन् तू लातूरला बसून होतास." तिचा आवाज चढला तशा दोन-तीन बाया वळून बघायला लागल्या. "हे मला सांगायला आलास व्हय? मला सांगून कुनाला कळनार? गावात सांग. जिनं म्हनलं तिच्यासमोर सांग. जा."

मी उठलो. तिनं थांब म्हटलं नाही. तिच्या सवयीप्रमाणं चहासाठी कुणाला पाठवलं नाही. मिरचीचा नवा ढीग पुढ्यात ओढून घेतला.

सभा शाळेच्या ओसरीत होती. कामांची यादी वाचून झाली, झाडांचा विषय निघाला, आणि मी उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, पण दोनच वाक्यांत संपलं. रेघ मी सरकवली. वडिलांच्या सोयाबीनवर वसवा पडू नये म्हणून.

मग मागून एकजण म्हणाला, "चार तासांच्या सोयाबीनपायी येवढी झाडं?" कुणीतरी हसलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "गेलेल्या मानसाचं कशाला काढायलास आता? तोबी गेला, झाडंबी गेली." दुसरा म्हणाला, "बोलला तर खरं, बसा आता." मी इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. नव्या सेवकानं विचारलं, मग मावशींचं नाव लिहू का, आणि कुणी नाही म्हणालं नाही. थोरली जाऊ दाराजवळ बायकांत बसली होती. मी तिकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

फाट्यावर गाडीची वाट बघताना मी धर्माबादला फोन लावला. लेकीनं आईकडं दिला.

"सांगितलं, मावशी."

"कोन कोन हुतं?"

मी आठवतील तेवढी माणसं सांगितली. तिनं प्रत्येकावर हुं केलं.

"ती हुती का?"

"होती. दाराजवळ."

"काय म्हनली?"

"काही नाही."

"तोंड कसं केलं?"

"काहीच नाही केलं. तशीच बसली होती."

मी घाईनं विषय बदलला.

"तुमचं नाव लिहिलंय," मी म्हणालो. "पावसाळ्यात रोपं येतील."

"ते बगू मागून. तिला ऐकू येत न्हाई आता. लेक सांगत हुती, पार भिताड झालीय. ती निस्ती बसली असंल सभेत, चार बाया बसल्या म्हनून." मग आवाज जरा खाली आला. "तिला घरी जाऊन सांग, सेवक. कानापाशी जाऊन, मोठ्यानं. तिला कळल्याबगर मी त्या रस्त्यावर पाय ठेवायची न्हाई."

मी हो म्हणालो. तेवढ्यात गाडी आली आणि मी बसलो. उतरून परत गावात जाता आलं असतं, गेलो नाही. साठ-सत्तर माणसांपुढं दोन वाक्यं बोलणं त्या मानानं सोपं होतं. त्या बाईच्या दारात बसायचं, तिच्या कानाला तोंड लावायचं, आणि माझ्या बापाला सावली नको होती हे शेजारच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचं, हे अजून व्हायचं आहे. रोपं यायच्या आत व्हायला पाहिजे.